व्हायकिंग काळातल्या सदऱ्यावरचे टाके नुसते शोभेचे होते का?

नाही, निदान डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या सदऱ्यावरचे तरी नाहीत. ११ व्या शतकातला हा लिननचा सदरा १९८४ मध्ये उत्खननात सापडला. छाती-पाठीला अस्तर आहे आणि दोन्ही थर गोधडीसारखे धावदोऱ्याने एकत्र धरलेत. टाके चौकटी-चौकटींत घातल्यामुळे नक्षीही दिसते, पण खरं काम अस्तर सरकू न देण्याचं. गळा चौकोनी, बंदांनी बांधायचा.

शोभेचंच भरतकाम बघायचं असेल तर डेन्मार्कमधल्याच मामेनच्या कबरीतले लोकरी कपडे बघा. कबर ९७०-७१ च्या हिवाळ्यातली. लोकरीवर लोकरीच्याच धाग्याने, देठटाक्याने बिबटे आणि माणसांचे चेहरे भरलेत. अर्थात कबर बड्या माणसाची. साध्या शेतकऱ्याच्या अंगावर असलं काही नसणार.