जुने मोती, वापरलेला हिरा: दागिना विकत घेण्यापूर्वी

प्रश्न: आमच्या परिचयातील एका कुटुंबाला आजीच्या काळातील बसरा मोत्यांची नथ आणि तन्मणी विकायचा आहे. मुलीच्या लग्नासाठी दोन्ही दागिने घ्यावेत असे आमच्या मनात आहे. मोती शंभर वर्षांपूर्वीचे असल्याचे ते सांगतात, परंतु पावती नाही. मोती अस्सल आहेत, हे घरच्या घरी कसे ओळखावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: घरच्या घरी फार तर एवढेच कळते की मोती काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही. दाताच्या कडेवर हलकेच घासल्यास मोती किंचित खरखरीत लागतो आणि नकली मोती गुळगुळीत लागतो. परंतु कल्चर्ड मोती, म्हणजे माणसाने मुद्दाम वाढवलेला मोतीही शिंपल्यातच तयार होत असल्यामुळे तोही तसाच खरखरीत लागतो. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये मोती बुडवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया तो मानू नका. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लाने त्याचे पाणी कायमचे उतरते.

बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातात मिळणारा नैसर्गिक मोती. हा माल व्यापाऱ्यांमार्फत मुंबईत येई. येथे त्याची निवड होई, वेज (ओवण्यासाठीचे छिद्र) पाडले जाई आणि सर गाठवले जात. जपानमध्ये मोती-उत्पादक कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये पहिला अर्धगोल कल्चर्ड मोती मिळवला आणि १९२० च्या दशकात गोल कल्चर्ड मोती जगाच्या बाजारात आले. नैसर्गिक मोत्यांच्या भावावर त्याचा परिणाम किती खोल झाला, हे एका उदाहरणावरून दिसते. कार्तिए या दागिन्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील इमारत १९१७ मध्ये एका दुपदरी मोत्यांच्या हाराच्या आणि १०० डॉलरच्या बदल्यात घेतली होती. त्या वेळी हाराची किंमत दहा लाख डॉलर धरली गेली. १९५७ च्या लिलावात तोच हार सुमारे दीड लाख डॉलरला गेला. आज उत्तम नैसर्गिक मोती पुन्हा अतिशय दुर्मीळ आणि महाग आहेत, म्हणूनच कल्चर्ड मोती बसरा म्हणून विकण्याचा मोहही मोठा आहे.

आपल्या प्रश्नात मला सर्वाधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. विकणारे कुटुंब पूर्णपणे प्रामाणिक असेल आणि दागिना खरोखर शंभर वर्षांचा असेल, तरीही त्यातील प्रत्येक मोती तेवढा जुना असेलच असे नाही. नथीची तार तुटते, तन्मणीचे सर पुनःपुन्हा गाठवावे लागतात, एखादा मोती हरवतो आणि पटवेकरी (दागिने गाठवणारा) किंवा सराफ त्याच्या जागी मिळताजुळता दुसरा मोती घालून देतो. गेल्या काही दशकांत असा बदललेला बारीक मोती गोड्या पाण्यातला चिनी कल्चर्ड मोती असण्याची शक्यता बरीच आहे. त्यामुळे दहापट मोठे दिसणारे भिंग घ्या आणि चांगल्या उजेडात प्रत्येक मोत्याचे वेज पाहा. नैसर्गिक मोती वजनावर विकला जात असल्याने जुने कारागीर वेज शक्य तितके बारीक ठेवत. शिंपल्यात मणी घालून वाढवलेल्या कल्चर्ड मोत्यात वेजाच्या आत, वरचा थर आणि मधला मणी यांची सीमारेषा काही वेळा स्पष्ट दिसते. खूप वापरलेले जुने मोती घामाने आणि एकमेकांवर घासून कडेला झिजलेले, थोडे पिंपासारखे झालेले असतात. झिजलेल्या मोत्यांच्या मध्येच एखादा अगदी गुळगुळीत, नव्या तकाकीचा मोती दिसला तर त्याची चौकशी करावी.

एवढे पाहूनही निर्णय प्रयोगशाळेवरच सोडावा. एक्स-रे छायाचित्रात मधला मणी वेगळा उमटतो, तर नैसर्गिक मोत्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. मणी न घातलेल्या कल्चर्ड मोत्यांची ओळख याहून अवघड असते आणि त्यासाठी अधिक सूक्ष्म तपासणी लागते. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या रत्ने तपासणाऱ्या संस्थांच्या प्रयोगशाळा आहेत. मोत्यांसाठी आपल्याला हवी ती तपासणी होते का, हे आधी विचारून घ्यावे. अहवाल हाती आल्यावर एक ओळ शांतपणे वाचा: सर्व मोती तपासले की त्यातले मोजकेच. मोजक्या मोत्यांवरून संपूर्ण तन्मणीचा भाव ठरवणे योग्य नाही, कारण मोत्यांच्या जुन्या व्यापारातील ‘चव’ या हिशेबात किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्याची चव चौपट होते. मधले दोन-तीन टपोरे मोतीच बदललेले असतील, तर दागिन्याच्या किमतीचा मोठा भाग तिथेच नाहीसा होतो.

विकणाऱ्या कुटुंबाशी आधीच लेखी ठरवा की मोती नैसर्गिक निघाले तर अमुक रक्कम, न निघाल्यास सोने, खडे आणि घडणावळ एवढ्याचीच रक्कम द्यायची. परिचयातील माणसांशी असे बोलणे अवघड वाटते, हे मी समजू शकते. परंतु लग्नानंतर संशय उरण्यापेक्षा ते निश्चितच बरे. पैसे बँकेमार्फत द्या आणि वजन, वर्णन व छायाचित्रांसह सही केलेली पावती घ्या. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

प्रश्न: वापरलेली एक कॅरेट हिऱ्याची अंगठी मिळते आहे. सोबत जीआयएचा अहवाल आहे आणि त्याचा क्रमांक मी संस्थेच्या संकेतस्थळावर जुळवून पाहिला. आता आणखी काही पाहावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: अवश्य पाहावे. अहवाल खरा आहे एवढे आपल्याला कळले. अंगठीतला हिरा तोच आहे, हे अजून कळलेले नाही. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असल्यास तो भिंगाखाली वाचून घ्या, मात्र तेवढ्यावर थांबू नका, कारण नैसर्गिक हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यावर कोरल्याची उदाहरणे खुद्द जीआयएने उघड केली आहेत. दुकानातले उष्णता मोजणारे साधे यंत्रही येथे उपयोगी पडत नाही, कारण प्रयोगशाळेतला हिरा रचनेने हिराच असतो. विकणाऱ्याच्या समोर हिरा कोंदणातून काढून घ्या, वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत आणि मापे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अहवालाशी ताडून पाहा, अहवालात हिऱ्यातील डागांचा नकाशा असेल तर ते डाग जुळवा आणि शक्य असल्यास त्याची नव्याने तपासणी करून घ्या. हिरा काढू देण्यास विकणारा तयार नसेल, तर व्यवहार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: जुन्या पाटल्यांवर सहा अक्षरी क्रमांक नाही. सोने खोटे समजावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. अंक आणि अक्षरे मिळून होणारा हा एचयूआयडी क्रमांक २०२१ पासून आला. त्यापूर्वीच्या हॉलमार्कमध्ये बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, ९१६ सारखा शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राचे आणि सराफाचे चिन्ह असे. त्याआधीच्या दागिन्यांवर यातले काहीच नसू शकते. बीआयएसमान्य केंद्रात ग्राहकाला स्वतःचा दागिना माफक शुल्कात तपासून घेता येतो. तेथे जाताना पाटल्यांच्या आत लाख भरलेली आहे का, हे विकणाऱ्याला विचारून ठेवा. लाखेचे वजन वजा केल्याशिवाय सोन्याचा हिशेब करू नये.