खोकला थांबलाय, आता कुत्र्याच्या हृदयाच्या गोळ्या बंद करू का?

तुमच्या ११ वर्षांच्या पॉमेरियनच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. पिमोबेंडन आणि फ्युरोसेमाइड सुरू केल्यावर खोकला थांबला, म्हणून गोळ्या बंद कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. कृपया करू नका. खोकला थांबलाय तो त्या गोळ्यांमुळेच.

लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची मायट्रल झडप जाड होते आणि नीट मिटत नाही. रक्त मागे गळतं, त्याचा दाब फुफ्फुसांवर येतो. झडप कुठल्याच गोळीने बरी होत नाही. पिमोबेंडन हृदयाला जोर देतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं, फ्युरोसेमाइड पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. गोळ्या थांबल्या की पाणी परत साचतं.

हे मी पाहिलंय. माझी डॅशहाउंड रात्री घरातच लघवी करायची, म्हणून मी कुणाला न विचारता तिची संध्याकाळची फ्युरोसेमाइड अर्धी केली. पाचव्या रात्री ती आडवीच होईना. मान ताणून, कोपरं बाहेर काढून बसली होती आणि पोट भात्यासारखं हलत होतं. तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. त्यातून ती वाचली, पण ती रात्र मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी नंतर फक्त गोळीची वेळ अलीकडे आणली, तेवढ्याने भागलं. तहान वाढेल, पण पाणी कधीही तोडू नका.

तेव्हापासून मी तिचे झोपेतले श्वास मोजायचे. छाती एकदा वर आणि एकदा खाली, हा एक श्वास. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवेत. पुन्हा मोजूनही जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, खोकल्याची वाट पाहू नका. श्वास वाढणं बहुतेक वेळा आधी दिसतं.

पिमोबेंडन साधारण १२ तासांनी, जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी द्यायचं. मूत्रपिंड आणि पोटॅशियमची रक्ततपासणी चुकवू नका. सांधेदुखीची गोळीही स्वतःहून देऊ नका, फ्युरोसेमाइडसोबत ती मूत्रपिंडांना जड जाते.

कुत्र्याच्या हृदयात नुसती मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) सापडलेल्यांनी मात्र घाबरून गोळ्या सुरू करू नयेत. आधी एक्स-रे किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदय वाढलंय का ते बघा. वाढलं असेल तर लक्षणं नसतानाही पिमोबेंडनचा उपयोग होतो: कुत्र्यांवरच्या २०१६च्या एपिक (EPIC) अभ्यासात त्याने हार्ट फेल्युअर सुमारे १५ महिने पुढे ढकललं गेलं होतं.

आज तो झोपला की मोजा आणि आकडा इथे लिहा.