व्हिस्कॉसिटीला 'घनता' लिहू नका

प्रश्न असा आहे की रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर लोकांसाठी सूचना मराठीत लिहायच्यात, तर व्हिस्कॉसिटीला (म्हणजे द्रव वाहायला किती अडतो त्या मापाला) 'घनता' चालेल का, आणि 'व्हिस्कॉसिटी अ‍ॅडजस्ट करा' हे साध्या मराठीत कसं लिहायचं.

घनता अजिबात नको. घनता म्हणजे डेन्सिटी, शाळेत सगळेच तसं शिकलेत, आणि तुमच्या लॅबमध्ये रंगाचं लिटरमागे वजन वेगळं काढतातच, मग एकाच कागदावर दोन मापांना एक शब्द झाला की गोंधळ ठरलेला. एरंडेल बघा, पाण्यावर तरंगतं म्हणजे घनता पाण्यापेक्षा कमी, पण पाण्याची व्हिस्कॉसिटी २० अंश सेल्सिअसला साधारण १ सेंटिपॉइज (हे व्हिस्कॉसिटीचं एकक) आणि एरंडेलाची त्याच्या शेकडो पट. पुस्तकी शब्द 'श्यानता' आहे आणि तो बरोबरच आहे, लॅबच्या रिपोर्टवर खुशाल वापरा, पण मिक्सरपाशी उभ्या माणसासाठी 'दाटपणा' लिहा, तो कुणाला समजवावा लागत नाही.

'घट्ट' मात्र शक्यतो टाळा, कारण झाकणही घट्ट असतं आणि गोळाही घट्टच असतो. वाहतं ते दाट.

मोजण्याची सूचना फोर्ड कपची (तळाला भोक असलेला मोजायचा छोटा कप) असेल तर मराठीत ती छान बसते. कप काठोकाठ भरा, वरचा जास्तीचा रंग सपाट काढून टाका, खालच्या भोकावरचं बोट काढलं की स्टॉपवॉच चालू आणि धार तुटली की बंद. 'धार तुटेपर्यंतचे सेकंद' असंच लिहा, 'कप रिकामा होईपर्यंत' नको, नंतर थेंब पडत राहतात ते धरायचे नसतात. सोबत कपाचा नंबर आणि तापमान लिहायला जागा ठेवा, कारण तोच रंग मे महिन्यात पातळ लागतो आणि जानेवारीत दाट.

आता अ‍ॅडजस्ट करणं. इथे मराठीकडे फार सुंदर जोडी आहे, आटणं आणि आळणं. झाकण उघडं राहून थिनर उडून गेला तर रंग 'आटला', म्हणजे त्यातलं काहीतरी कमी झालंय, ते परत घालावं लागेल. नुसता ठेवून ठेवून दाट झाला तर 'आळला', त्यातलं गेलं काहीच नाही, आणि असे पुष्कळ रंग ढवळले की परत सैल होतात. म्हणून सूचनेत क्रम असा ठेवा की आधी नीट ढवळा, मग मोजा, आणि तरीही सेकंद जास्त आले तरच थिनर थोडा थोडा घाला, दर वेळी एकजीव करून पुन्हा मोजा. आळलेल्या रंगात न ढवळता थिनर ओतला तर तो नंतर गरजेपेक्षा पातळ होतो, भिंतीवर ओघळतो, आणि परत दाट करणं हे पातळ करण्याइतकं सोपं नसतं.

अजून एक, 'पातळ करा' एवढंच लिहू नका. रंगारी 'पातळ हात मारा' म्हणतो तेव्हा तो थराबद्दल बोलतो. रंगाबद्दल असेल तर 'रंग सैल करा' लिहा आणि पुढे किती सेकंदांपर्यंत तो आकडा द्या. सरसरीत, पळीवाढं हे शब्द मला मनापासून आवडतात आणि पिठल्या-आमटीला त्यांच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही, पण बॅचच्या कागदावर सेकंदांचा आकडाच हवा.