भयसूचक रंग की इशाऱ्याचा रंग?

प्रश्न असा आहे: लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या 'भक्षक सुरवंटा'च्या अंगावर काळा-नारिंगी भडक रंग असतो, त्याला 'भयसूचक रंग' म्हटले तर चालेल का?

मला 'भयसूचक' पटत नाही. आनंदसूचक उद्गार काढणारा स्वतः आनंदलेला असतो. त्या न्यायाने भयसूचक रंग म्हणजे घाबरलेल्याचा रंग! 'भीतिदायक' घ्यावा, तर अळी आपल्या भक्ष्याला घाबरवते आहे असे वाटते. पण हा रंग तिचे भक्ष्य असलेल्या माव्यासाठी, म्हणजे पिकांवरच्या त्या बारीक रसशोषक किडीसाठी, नसतोच. मावा पानात सोंड खुपसून रस शोषत बसलेला असतो आणि अळी त्याला तिथेच फस्त करते. रंगातला निरोप असतो तो पक्ष्यांना: मी कडू आहे, तोंड लावू नका. ही पोकळ धमकीही नव्हे. या अळ्यांच्या शरीरात अल्कलॉइडे, म्हणजे कडू, विषारी रसायने असतात, आणि छेडल्यावर त्या अंगातून कडवट द्रव सोडतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी ती रंगांची जोडी सहसा विसरत नाही.

तेव्हा 'इशाऱ्याचा रंग' म्हणावे. विशेषणच हवे असेल तर 'इशारेवजा'. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड पोल्टन यांनी १८९० साली ग्रीकवरून घडवलेल्या 'ॲपोसेमॅटिक' या मूळ संज्ञेतही 'दूर राहा' अशी खूण हाच अर्थ आहे, भीती नाही. कल्पना त्याहून जुनी. वयातही न आलेल्या सुरवंटांना भडक रंग कशाला, जोडीदार तर शोधायचा नाही, हे डार्विनला पडलेले कोडे. बेचव असल्याची ती जाहिरात असावी, हे १८६७ मधले निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस यांचे उत्तर. ते सुरवंट पाने खाणारे होते! म्हणजे या रंगाचा संबंध शिकारीशी नसून चवीशी आहे. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अळीही माव्यावरच जगते, पण तिच्या काही जाती खाल्लेल्या किड्यांची कलेवरे पाठीवर लादून चक्क लपून राहतात.

'भक्षक'ऐवजी शेतीच्या लेखनात रुळलेला 'परभक्षी' घ्या. पाने खाणारीही भक्षकच की. आणि 'सुरवंट' नकोच. तो फुलपाखरांचा आणि पतंगांचा, त्यातही बहुधा केसाळ. लेडीबर्डची ती साधी 'अळी'. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात 'डिंभ' (लार्व्हा) ठीक आहे, पण त्यात बेडकाचे आणि खेकड्याचेही डिंभ येतात.