पन्नाशीच्या उंबरठ्यावर बॅगपाईप: दम कमी पडतोय की हवा गळतेय?

प्रश्न: माझं वय ४८. बॅगपाईप शिकायचं कधीपासून मनात होतं, शेवटी पाच महिन्यांपूर्वी प्रॅक्टिस चँटर (पिशवीशिवाय वाजवायची सरावाची नळी) घेतला. चार सोप्या ट्यून वाजवता येतात. मग राहवलं नाही म्हणून एक वापरलेला हायलँड पाईप्सचा (स्कॉटिश बॅगपाईपचा) सेट घेतला. पण दोन मिनिटांत दम लागतो, गरगरतं, सूर डगमगतो आणि मधेच चिरकतो. या वयात फुप्फुसं पुरत नाहीत का? सोडून देऊ का?

उत्तर: अजिबात सोडू नका. फुप्फुसांना दोष देण्याआधी पिशवी तपासा, कारण वापरलेल्या सेटमध्ये बऱ्याचदा हवाच गळत असते आणि आपण बिचारे उगाच स्वतःच्या वयाला बोल लावत बसतो. चँटर (बोटांनी सूर वाजवायची नळी) आणि तिन्ही ड्रोन (एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्या) काढून त्या जागी बूच लावा, पिशवी गच्च भरेपर्यंत फुंका आणि तोंड काढून घ्या. ब्लोपाईपमधून, म्हणजे फुंकायच्या नळीतून, हवा परत बाहेर आली तर आतला व्हॉल्व्ह गेलाय. तिथून येत नसेल आणि तरी मिनिटभरात पिशवी मऊ पडली तर गळती पिशवीच्या शिवणीत किंवा सांध्यांत आहे, सांधे ढिले असतील तर त्यांच्यावर हेंपचा (तागासारखा) दोरा अजून थोडा गुंडाळायचा. हे सगळं ठीक निघालं तर मग चँटरची रीड, म्हणजे आवाज काढणारी आतली पात, बघा. कडक रीड नवशिक्याचा जीव काढते, सोपी रीड मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता दमाचं. पिशवी ही हवेची साठवण आहे, तोंडाने ती फक्त भरायची. आपण श्वास घेतो तेव्हा हात पिशवी दाबतो, फुंकतो तेव्हा हात सैल होतो, आणि या अदलाबदलीत आतला दाब जराही हलता कामा नये. तुमचा सूर डगमगतो तो बहुतेक इथेच. सुरुवातीला तिन्ही ड्रोनची तोंडं बुचाने बंद ठेवा आणि नुसत्या चँटरवर एकच सूर, लो ए (खालचा ‘ए’), लांबवत राहा. तो सरळ राहायला लागला की एक टेनर (आखूड) ड्रोन उघडा, मग दुसरा, बेस (सगळ्यात लांब, खर्जाचा) सगळ्यात शेवटी. मी स्वतः चाळिशीनंतर शिकायला लागलो तेव्हा यातच कित्येक आठवडे गेले, ओठांच्या कडा दुखायच्या आणि तिथून हवा निसटायची, पण ते स्नायू हळूहळू तयार होतात. गरगरलं की मात्र थांबायचं, रेटायचं नाही, आणि वाजवत नसतानाही त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि प्रॅक्टिस चँटर बाजूला ठेवून दिला असेल तर परत काढा, कारण पाच महिने म्हणजे लवकरच आहे, साधारण सहा महिने ते वर्षभर तरी लोक त्याच्यावरच घालवतात. सूर एकूण नऊच आहेत, पण आवाज एकदा सुरू झाला की थांबत नाही, जीभ लावून तोडता येत नाही, म्हणून लागोपाठ दोन लो ए वाजवायचे तर मधे डाव्या तर्जनीने एक कणस्वर टाकावा लागतो, बोट क्षणभर उचललं की झालं. खरी परीक्षा डी वरून ई वर जाताना. उजव्या हाताची पहिली तीन बोटं खाली येतात, करंगळी वर जाते आणि त्याच क्षणी डाव्या हाताची अनामिका उचलते. उजवा हात केसभर जरी आधी पडला तरी मधे लो ए किंवा लो जी टपकन वाजून जातो, याला क्रॉसिंग नॉइज म्हणतात. रोज दहा मिनिटं फक्त ही एक हालचाल करा, अगदी सावकाश, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना जे ऐकू येत नाही ते रेकॉर्डिंगमध्ये लगेच सापडतं. बोटांच्या टोकांनी भोकं झाकत असाल तर ती सवय आत्ताच सोडा, बोटं सपाट ठेवायची. आणि महिन्यातून एकदा तरी जाणकार शिक्षकाला हात दाखवा, ऑनलाइन चालेल.

प्रश्न: पिशवी धुवावी लागते का? आणि कानांना त्रास होतो का?

उत्तर: दोन्हीला हो. २०१६ मध्ये थोरॅक्स या वैद्यकीय मासिकात एका पायपरची केस आली होती, पाईप्समध्ये वाढलेल्या बुरशीशी त्याच्या फुप्फुसांच्या आजाराचा संबंध डॉक्टरांनी जोडला होता. म्हणून वाजवून झालं की सगळे भाग सुटे करून पुसा, वाळू द्या, ओला सेट पेटीत बंद करू नका. ब्लोपाईप नियमित धुवा. पिशवी धुण्याची पद्धत मात्र ती कातड्याची आहे की सिंथेटिक त्यावर ठरते, बनवणाऱ्याच्या सूचना बघा. कानांचं म्हणाल तर पाईप्सला हळू वाजवणं हा प्रकारच नाही, बंद खोलीत तर आवाज फार होतो, तेव्हा प्लग पहिल्या दिवसापासून घाला. रात्री वाजवावंसं वाटलं तर इलेक्ट्रॉनिक चँटर आणि हेडफोन.