अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलचा नवा ड्रेस कोड: विरोध करण्याआधी शेवटचं पान वाचा

ताई, तुमची लेक आता मिडल स्कूलला जाणार, स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी, पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेने) नव्या ड्रेस कोडचा ड्राफ्ट पालकांना पाठवलाय, त्यात स्पॅगेटी स्ट्रॅप (खांद्यावर बारीक पट्ट्या असलेले टॉप), हूडी, फाटकी जीन्स सगळ्यालाच परवानगी दिसतेय, मग शाळेत शिस्त राहणार कशी आणि विरोधात लिहावं का, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमधून शिकली आणि आमच्या डिस्ट्रिक्टने कोड बदलला तेव्हा पालकांच्या वतीने मी कमिटीवर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते, विरोध करू नका, पाठिंबा द्या, पण नियम पाळायला कसे लावणार हे ज्या पानावर आहे (बहुतेक शेवटचं असतं) ते डोळ्यात तेल घालून वाचा.

असले ड्राफ्ट बरेचदा एकाच मुळातून आलेले असतात. २०१६ मध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या महिला संघटनेच्या ओरेगॉन राज्यातल्या शाखेने एक नमुना कोड तयार केला, पोर्टलंडच्या शाळांनी त्याच वर्षी त्याच्या आधारे आपले नियम बदलले, मग २०१७ ला शिकागोजवळच्या इव्हन्स्टनच्या हायस्कूलने, २०१९ ला सिअ‍ॅटलने. त्यातला विचार एकदम सरळ आहे: अंगाचा कुठला भाग झाकलेला हवा ते सगळ्यांसाठी एकच, वर काहीतरी, खाली काहीतरी, पायात काहीतरी, आणि कापड आरपार दिसणारं नको. ड्रग्ज, दारू, हिंसा, अश्लील चित्रं आणि कुणाचा द्वेष करणारा मजकूर कपड्यावर चालणार नाही. बाकी काय घालायचं ते मूल आणि त्याचे आईवडील बघतील.

आता जुने नियम कसे असायचे ते सांगते म्हणजे फरक कळेल. फिंगरटिप रूल म्हणून एक प्रकार आहे, हात सरळ खाली सोडायचे आणि शॉर्ट्स बोटांच्या टोकाच्या खाली यायला हव्यात. दोन मैत्रिणी एकाच दुकानातून एकाच मापाच्या शॉर्ट्स घेतात, बुटकी, आखूड हातांची मुलगी सुटते आणि लांब हातापायांची पकडली जाते. मग तिला ऑफिसात बसवायचं, घरी फोन करायचा किंवा लॉस्ट अँड फाउंडमधली कुणाचीतरी ढगळ पँट घालायला लावायची, तोपर्यंत तिचा गणिताचा तास गेलेला असतो. बारा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर हात खाली सोडून उभं करणं ही शिस्त नाही हो, मला तरी हे बघवायचं नाही.

आणि हे एखाद-दुसऱ्या शाळेपुरतं नाहीये. जीएओ म्हणजे अमेरिकन काँग्रेसचं हिशेब तपासणारं सरकारी ऑफिस, त्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये यावर रिपोर्ट दिला. ड्रेस कोडपैकी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी मुलींच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या कपड्यांवर बंदी होती, मुलांच्या कपड्यांवर साधारण ६९ टक्के ठिकाणी. जवळजवळ ६० टक्के कोडमध्ये अंग किंवा कपडे मोजावे लागतील असे नियम होते. ८० टक्क्यांहून जास्त डिस्ट्रिक्ट्समध्ये टोपी, स्कार्फ वगैरे डोक्यावर घ्यायला मनाई, आणि धार्मिक कारणासाठी सूट आहे असं स्पष्ट लिहिलेले कोड फक्त एक तृतीयांशच्या आसपास.

इथेच आपला संबंध येतो. टिकली, हातातला कडा, मुंजीनंतरचं जानवं, केसांना तेल लावून घट्ट वेणी, लग्नाला भारतात जाऊन आल्यावर कोपरापर्यंत रंगलेली मेंदी. बऱ्याच जुन्या कोडमध्ये 'अंगावर लिहिणं किंवा चित्र काढणं मना' असा नियम असतो, तो खरं तर पेनाने हातावर काहीबाही लिहिणाऱ्या पोरांसाठी केलेला, पण आमच्या ओळखीतल्या एका मुलीला मेंदीमुळे ऑफिसात पाठवलं होतं. त्यात अडचण अशी की मेंदी काही धर्माने सांगितलेली नाही, मग नुसती धार्मिक सूट कामाला येत नाही. म्हणून ड्राफ्टमध्ये 'धार्मिक आणि सांस्कृतिक' असे दोन्ही शब्द आहेत का ते बघा, आणि त्यासाठी आधी अर्ज करा, पुजाऱ्याचं पत्र आणा असलं काही घातलेलं नाही ना तेही बघा. मूल परवानगी मागत फिरणार असेल तर तो कोड सगळ्यांना सामावून घेतो असं मी म्हणणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. केसांसाठी क्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे केसांच्या पोतावरून किंवा वेण्यांसारख्या ठेवणीवरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा, २०१९ मध्ये सगळ्यात आधी कॅलिफोर्नियाने केला, त्याच वर्षी न्यू जर्सीनेही, पण सगळ्या राज्यांत नाहीये, तुमच्या राज्याचं तपासा. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका चार्टर स्कूलने (सरकारी पैशावर चालणारी पण कारभार स्वतंत्र असलेली शाळा) मुलींना स्कर्टची सक्ती केली होती, ती २०२२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने घटनाविरोधी ठरवली आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. टीशर्टवरच्या राजकीय मजकुराला १९६९ च्या टिंकर खटल्याचा आधार आहे, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात काळ्या फिती लावणाऱ्या मुलांचा तो खटला, शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा येत असेल, तसा येईल असं मानायला सबळ कारण असेल किंवा दुसऱ्यांच्या हक्कांवर गदा येत असेल तरच शाळेला असं काही अडवता येतं.

राहिला प्रश्न शिस्तीचा. आमच्याकडे नवा कोड आल्यावर पोरं काय घालून आली, तर हूडी आणि स्वेटपँट, जे आधी घालत होती तेच! थंडी, मैत्रिणी आणि आईचा डोळा हे तिन्ही नियम शाळेच्या नियमापेक्षा कडक असतात. घरात तुम्ही जे ठरवलंय ते तुमच्याच हातात राहतं, शाळेने परवानगी दिली म्हणून लेकीला स्पॅगेटी स्ट्रॅप घ्यायलाच पाहिजेत असं थोडंच आहे. केमिस्ट्री लॅबमध्ये बंद बूट, पी.ई. ला स्पोर्ट्स शूज हे सुरक्षेचे नियम असतातच आणि असायलाच हवेत.

तर शेवटच्या पानावर काय शोधायचं? मुलीला टोकायचं असेल तर कोण टोकणार, वर्गासमोर की बाजूला घेऊन, तिला वर्गाबाहेर काढता येणार का, कुणी हात लावून किंवा पट्टी घेऊन मोजणार का. नियम कितीही चांगले असले तरी हे मोघम सोडलं की सगळं ज्या त्या शिक्षकाच्या मर्जीवर जातं, आणि मग गोऱ्या, सडपातळ मुलीला सोडून भरल्या अंगाच्या नाहीतर काळ्या मुलीला टोकलं जातं. 'लक्ष विचलित करणारे', 'योग्य', 'नीटनेटके' असे शब्द दिसले तर ते काढायला सांगा, कारण त्यांचं माप कुणाकडेच नसतं. कोण टोकलं गेलं याची नोंद ठेवून ती वर्षाअखेर स्कूल बोर्डासमोर (डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळासमोर) मांडावी, हे आम्ही बरंच भांडून घालून घेतलं, तुम्हीही मागा.

बोर्डाच्या मीटिंगमध्ये पालकांना दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून मेल आधी पाठवा आणि मीटिंगमध्ये एकाच मुद्द्यावर बोला, मी म्हणेन मेंदीवर, कारण तो तिथे दुसरं कुणी काढणार नाही. लेकीलाही घेऊन जा, मुलांचं बोलणं बोर्ड जास्त लक्ष देऊन ऐकतं. ड्राफ्टमधलं ते पान इथे टाकलंत तर कुठले शब्द बदलून मागायचे ते मी वाचून सांगते.