नार्डेनला जाताय? आधी तटावर चढा

नेदरलँड्समधल्या या तटबंदीच्या गावात पहिल्यांदाच जाताय, तर थेट चर्चकडे वळू नका. आधी तटावरून पूर्ण फेरी मारा. आपल्या डोळ्यांना डोंगरी किल्ल्यांची सवय, त्यामुळे हा किल्ला चटकन दिसतच नाही. गवताने झाकलेले बुटके, जाड मातीचे तट, सहा टोकदार बुरूज, भोवती पाण्याचा दुहेरी खंदक. तोफगोळा दगडी भिंत फोडतो, मातीत मात्र रुतून बसतो; म्हणून ही बांधणी.

१५७२ मध्ये स्पॅनिश सैन्याने इथल्या रहिवाशांची कत्तल करून गाव जाळलं. मोठं चर्च तेवढं वाचलं. त्याच्या लाकडी छतावरची चित्रं मान दुखेपर्यंत बघा, घाई नको. १६७३ मध्ये डच नेता तिसऱ्या विल्यमने गाव फ्रेंचांकडून परत घेतलं. आणि शिक्षक असाल तर सतराव्या शतकातल्या चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसची समाधी अजिबात चुकवू नका.